लक्ष्मणराव किर्लोस्कर : माळरानावर कारागीर घडवणारा माणूस



आपल्या मंडळातले बरेचसे सभासद या ना त्या मार्गाने यंत्र, संगणक किंवा कारखानदारीशी जोडलेले आहेत. कोणी इंजिनिअर आहे, कोणी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून बाहेर पडला आहे, तर कोणी आयटीआयचा फिटर किंवा वेल्डर म्हणून परदेशी आला आणि इथेच स्थिरावला. हातातल्या कौशल्याच्या बळावर माणूस घर सोडून हजारो मैल जाऊ शकतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पण ज्या काळात महाराष्ट्राच्या खेड्यात आयटीआय नव्हते, पॉलिटेक्निक नव्हते आणि कारखाना म्हणजे काय हेही बहुतेकांनी पाहिलेले नव्हते, त्या काळात शेतमजुराचा मोल्डर आणि सुताराचा पॅटर्नमेकर कोणी केला? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

किर्लोस्कर हे नाव आपण सगळे पंपावर आणि इंजिनावर वाचत मोठे झालो. त्या नावामागचा माणूस मात्र अनेकांना, विशेषतः आपल्या मुलांना, फारसा माहीत नसतो. म्हणून या वेळी त्यांच्या आयुष्याची ओळख करून देत आहोत.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. आज हा भाग कर्नाटकात आहे. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचा अभ्यास असलेले गृहस्थ होते. मुलाने चार बुके शिकावीत, बरीशी नोकरी धरावी, अशी त्या काळच्या कोणत्याही वडिलांप्रमाणे त्यांचीही अपेक्षा होती. लक्ष्मणचे मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमत नसे. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती : चित्रे काढणे आणि वस्तू उघडून आत काय आहे ते पाहणे.

१८८५ साली वडिलांच्या मनाविरुद्ध तो मुंबईला गेला आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पैशाची सोय थोरले बंधू रामूअण्णा यांनी केली. हे रामूअण्णा पुढेही आयुष्यभर धाकट्या भावाच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

दोन वर्षे चित्रकला शिकल्यावर लक्षात आले की लक्ष्मणच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही. रंग न ओळखणारा चित्रकार! दुसरा कोणी असता तर सामान बांधून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. त्यांनी यंत्रांच्या आराखड्यांचे, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगचे शिक्षण पुढे चालू ठेवले. या कामाला रंग लागत नाहीत. लागते ती नजर, माप आणि स्थिर हात, आणि या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या.

या शिक्षणाच्या जोरावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंगचे साहाय्यक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. हीच संस्था आज वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच आपल्या सर्वांची व्हीजेटीआय. आपल्या वाचकांत तिचे माजी विद्यार्थी नक्कीच असतील. लक्ष्मणराव तिथे शिकवत होते खरे, पण त्याहून जास्त ते स्वतः शिकत होते. तास संपला की ते कार्यशाळेत जात, यंत्रे चालवून पाहत, बिघडलेली खोलून पुन्हा जोडत. अमेरिकेहून येणारी तांत्रिक मासिके ते मन लावून वाचत. इंजिनिअरिंगची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. त्यांचे सगळे यंत्रज्ञान हे असे, हात काळे करून मिळवलेले होते.

सायकलचे दुकान आणि हुकलेली बढती

मुंबईत सायकली नव्याने दिसू लागल्या होत्या. लक्ष्मणरावांना त्यात व्यवसाय दिसला. ते मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवू लागले आणि रामूअण्णा तिथे त्या विकू लागले. तेव्हा सायकल ही श्रीमंतांची चैन होती आणि ती चालवता येणारे लोक गावात जवळजवळ नव्हतेच. म्हणून रामूअण्णा सायकल विकत तर असतच, शिवाय पैसे घेऊन ती चालवायलाही शिकवत! वस्तू विकायची तर ती वापरण्याचे शिक्षणही आपणच द्यायचे, हा धडा दोघा भावांना इथे मिळाला आणि पुढे नांगर विकताना तो उपयोगी पडला. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ पासून मोजतात ती या दुकानापासून.

इकडे नोकरीत मात्र वेगळेच घडले. बढतीची जागा निघाली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. काम कोणाला जास्त येते हा प्रश्नच नव्हता. लक्ष्मणरावांनी १८९७ साली राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. मंडळी, परक्या राज्यात आपल्या कामाची किंमत कातडीच्या रंगावरून ठरते तेव्हा काय वाटते, याचा अनुभव आपल्यापैकी काहींना असेल. लक्ष्मणरावांनी तक्रारअर्ज करत बसण्यापेक्षा स्वतःचा रस्ता शोधला.

नांगर कोणी घेईना

बेळगावात त्यांनी लहानशी कार्यशाळा काढली. सायकल दुरुस्ती चालू होतीच, पण आजूबाजूला पाहिले तर सगळा मुलूख शेतकऱ्यांचा. शेतकऱ्याला उपयोगी पडेल असे यंत्र केले तर गिऱ्हाइकाला तोटा नाही, हा त्यांचा हिशोब. पहिले यंत्र केले ते कडबा कापायचे, ज्याला आपण कडबाकुट्टी म्हणतो. अख्खा कडबा टाकला की जनावर पाने खाते आणि धाटे तुडवते. बारीक कापून घातला की सगळा पोटात जातो. दुष्काळी भागात याचे मोल शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर लोखंडी नांगर आला. आणि इथे खरी कसोटी लागली.

पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी लाकडी नांगर वापरत होता. गावचा सुतार तो करून देई, बलुत्यावर दुरुस्त करी. हा नांगर जमीन उकरतो, पण उलटवत नाही. लोखंडी नांगर माती खोलवर कापून पालथी घालतो. दख्खनच्या काळ्या रानात हरळी माजली की तिच्या मुळ्या खोल जातात आणि लाकडी नांगराला त्या दाद देत नाहीत. लोखंडी नांगराने त्या वर येऊन उन्हात वाळतात. फायदा उघड होता. पण शेतकऱ्यांच्या मनात पक्के बसले होते की लोखंड लागले की जमिनीला विष बाधते. शिवाय हा नांगर जड, त्याला जास्त बैल लागतात, आणि मोडला तर गावचा सुतार काय करणार? पहिली शंका अज्ञानाची असली तरी बाकीच्या दोन अगदी व्यवहाराच्या होत्या.

तयार नांगर कार्यशाळेत पडून राहिले. पहिले काही नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली. या काळात लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला नावे ठेवली नाहीत. ते नांगर घेऊन शेतावर गेले, चालवून दाखवला, काय मोडते आणि काय झिजते ते पाहिले आणि परत येऊन सुधारणा केल्या.

नांगरात सगळ्यात अवघड भाग म्हणजे फाळ. दगडगोट्यांच्या जमिनीत तो पटकन झिजतो. पण सगळाच कडक केला तर काचेसारखा तडकतो. परदेशी कंपन्यांचे फाळ टिकत, कारण ते ओतताना साच्यात एका बाजूला लोखंडाचा तुकडा बसवत. त्या बाजूला तापलेला रस झटकन थंड होतो आणि तेवढाच पृष्ठभाग अतिशय कठीण बनतो, बाकीचा भाग धक्का सोसण्याइतका मऊ राहतो. ऐकायला सोपे आहे. पण लोखंडात काय मिसळलेले आहे, रस किती तापला आहे, साचा किती कोरडा आहे, यातले काहीही थोडे चुकले की अख्खी ओत वाया. परदेशी नांगराच्या तोडीचा फाळ इथल्या माणसांनी, इथल्या भट्टीत करायचा, तर माणसेच तशी तयार करायला हवी होती.

बत्तीस एकर निवडुंग

धंदा जरा मार्गी लागतो न लागतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने कार्यशाळेची जागा मागितली. तिथे नवी वस्ती वसवायची होती. लक्ष्मणरावांकडे यंत्रे होती, पण ती ठेवायला जागा नव्हती आणि नवी घ्यायला पैसा नव्हता.

अशा वेळी मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कलेचे मोठे भोक्ते. औंधला एक मोठा मंडप उभारण्याचे काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिले होते, त्यामुळे माणसाची पारख झालेली होती. कारखान्याची अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितले आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले.

लक्ष्मणरावांनी निवडलेली जागा पाहून लोकांना आश्चर्य वाटले. कुंडल रोड स्टेशनजवळचे हे बत्तीस एकर माळरान. पाणी नाही, सावली नाही, जिकडेतिकडे निवडुंग आणि त्यात नाग. पण रेल्वे जवळ होती, आणि कच्चे लोखंड आणायला व तयार माल पाठवायला ती हवीच होती. १० मार्च १९१० या दिवशी लक्ष्मणराव, रामूअण्णा आणि त्यांचे सोबती या माळावर उतरले. निवडुंग तोडत, साप मारत, झोपड्या आणि पत्र्याच्या शेडा उभारत किर्लोस्करवाडी वसू लागली. पुढे त्या स्टेशनचे नावच किर्लोस्करवाडी झाले.

कारखाना हीच शाळा

माळावर कारखाना निघाला, पण त्यात काम करायला कोण येणार? मुंबईचा कसबी कामगार मुंबई सोडून निवडुंगात राहायला येणार नव्हता. म्हणून जी माणसे आसपास होती तीच घ्यायची, हा एकच मार्ग होता. कुंडल, पलूस या परिसरातले शेतमजूर, सुतार, लोहार, पावसाने दगा दिला की काम शोधत फिरणारे तरुण. यांतल्या बहुतेकांना अक्षरओळखही बेताचीच होती.

नांगराच्या कारखान्यात नेमके काय शिकावे लागते ते जरा पाहू, म्हणजे या कामाची अवघड बाजू लक्षात येईल. सुताराला आधी लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न करावा लागतो. तो हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा हवा, कारण लोखंड थंड होताना आकसते, शंभराला साधारण एक या प्रमाणात. गाड्याचे चाक करणारा सुतार हातात कसब घेऊनच आला होता. त्याला आता रेघ वाचायला आणि आकसणे धरून माप घ्यायला शिकायचे होते. मोल्डरला वाळू ओळखावी लागते. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये, इतकीच ओल हवी. ओल जास्त झाली तर वाफ कोंडून ओतीव भागात पोकळ्या राहतात. भट्टीवाल्याला रस कधी सोडायचा ते कळावे लागते. फिटरला कानस चालवायची असते आणि टर्नरला लेथवर हजारदा तेच माप काढायचे असते. यातले पुष्कळसे पुस्तकात वाचून येत नाही. जाणत्या माणसाशेजारी उभे राहून, चुका करून आणि त्या सुधारूनच ते अंगात भिनते.

लक्ष्मणराव हे शिक्षक होते आणि इथेही ते शिक्षकच राहिले. फक्त वर्गाऐवजी ओतशाळा आली. माणूस निवडताना त्याने काय पास केले आहे यापेक्षा तो काय करू शकेल हे ते बघत. किर्लोस्करवाडीच्या सुरुवातीच्या मंडळींची यादी पाहिली तर याची खात्री पटते. रामूअण्णा शाळेत फारसे चमकले नव्हते, पण त्यांनी सगळ्या वसाहतीची आखणी आणि कारभार पाहिला. शंभूराव जांभेकर हे साधे फायरमन होते. पुढे ते कोणतेही यंत्र बिघडले तरी दुरुस्त करणारे कारखान्याचे इंजिनिअर झाले. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडली होती. ते नवनव्या कल्पना लढवणारे यंत्रज्ञ बनले. के. के. कुलकर्णी जिथे हात घालतील तिथे अपयशी ठरत होते. वाडीत मात्र विक्री असो, व्यवस्था असो किंवा अडचणीतून वाट काढणे असो, त्यांच्याशिवाय पान हलेना. मंगेशराव रेगे यांनी हिशेब आणि कचेरी सांभाळली.

सगळ्यात धाडसाची निवड होती ती पहारेकऱ्यांची. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. ज्या समाजांवर इंग्रज सरकार आणि गावेही कायम संशय घेत, त्यांतली ही माणसे. लक्ष्मणरावांनी वाडीच्या राखणीचे काम त्यांच्यावर सोपवले आणि ते दोघे विश्वासाला उतरले. पुढे १९३९ साली याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या दो आँखें बारह हाथ या चित्रपटामागे तिचीच प्रेरणा मानली जाते. माणसाला काम आणि विश्वास दिला तर तो बदलतो, हा अनुभव वाडीने त्याच्या कितीतरी वर्षे आधी घेतला होता.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा नियम होता. १९१० च्या सुमारास खेड्यात हे सांगणे सोपे नव्हते. रोजगाराचा प्रश्न आपल्याकडे केवळ कौशल्याचा कधीच नव्हता. कोणते काम कोणी करायचे हे जन्मावरून ठरलेले असे. भट्टीपुढे सगळ्या जातींची माणसे शेजारी शेजारी उभी राहिली, एकाने धरलेल्या साच्यात दुसऱ्याने रस ओतला, हा त्या पिढीसाठी मोठाच बदल होता.

युद्ध, तोफा आणि नांगर विकणारा एक तरुण

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगरांची आवक घटली आणि किर्लोस्कर नांगराला मागणी वाढली. पण त्याच वेळी कच्चे लोखंड आणि कोळसाही मिळेनासा झाला. मोडीचे लोखंड जमवून काम चालू ठेवण्याची वेळ आली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या जुन्या निकामी तोफा नांगर करण्यासाठी दिल्या, ही हकीकत त्या भागात आजही मोठ्या अभिमानाने सांगितली जाते.

याच काळात किर्लोस्कर नांगराचे विक्रेते म्हणून एक तरुण गावोगाव हिंडत होता. त्याचे नाव भाऊराव पाटील. नांगर विकताना त्याने शेतकऱ्याचे दारिद्र्य आणि अज्ञान अगदी जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्याने रयत शिक्षण संस्था स्थापन केली. कमवा आणि शिका हे तिचे सूत्र झाले, आणि हजारो गरीब मुले त्यावर शिकून मोठी झाली. तोच हा तरुण, कर्मवीर भाऊराव पाटील. शेजारीच, औंध संस्थानातच, ओगले बंधूंचा काच कारखानाही उभा राहिला होता आणि तिथला प्रभाकर कंदील पुढे घराघरांत पोचला. कर्मवीरांनी या कारखान्याच्या मालाचीही विक्री केली होती. एका लहानशा संस्थानात दोन कारखाने निघाले आणि त्यांच्याशी जोडलेल्या एका विक्रेत्याने शिक्षणाची चळवळ उभी केली. या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून फार लांब नाहीत.

वाडी वाढते

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर नावाचे लहानसे पत्रक सुरू केले. कारखान्याच्या बातम्या आणि मालाची माहिती देणारे हे पत्रक पुढे किर्लोस्कर मासिक झाले. १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिके निघाली. आपल्या आई-आजींच्या पिढीने ही मासिके किती आवडीने वाचली हे अनेकांना आठवत असेल. नांगराच्या कारखान्यातून मराठी घरांना नवे विचार देणारी मासिके निघावीत, हेही एक नवलच!

लक्ष्मणरावांनी पदवी घेतली नव्हती, तरी पदवीला कमी लेखले नाही. थोरले चिरंजीव शंतनुराव यांना त्यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला पाठवले. १९२६ साली ते मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले. त्या काळी अमेरिकेत शिकून आलेल्या तरुणाला कुठेही मानाची नोकरी मिळाली असती. ते परत आले ते वाडीच्या कारखान्यात.

नांगरावरच सगळा भार ठेवणे धोक्याचे होते, कारण पाऊस गेला की शेतकरी खरेदी थांबवतो आणि कामगारांचे काम जाते. म्हणून उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रे, पाण्याचे पंप, लोखंडी फर्निचर, लेथ असा माल वाढत गेला. प्रत्येक नव्या वस्तूबरोबर कामगारांना काहीतरी नवे शिकावे लागले. नांगरात अर्धा सूत इकडेतिकडे चालते, पण पंपाच्या आसाला किंवा लेथच्या पट्टीला ते चालत नाही. माळावर जमलेल्या माणसांपासून सुरू झालेला कारखाना दुसऱ्याला यंत्रे करून देणारी यंत्रे बनवू लागला, हे लक्ष्मणरावांच्या शिकवण्याचे खरे प्रगतिपुस्तक मानावे लागेल. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ बनवणारा कारखाना निघाला आणि १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा व बंगळूरला विजेच्या मोटारींचा. या नव्या कारखान्यांमागे वाडीत घडलेल्या माणसांचा आणि वाडीच्या अनुभवाचा आधार होता.

जळालेली वाडी

या गोष्टीत एक दुःखद प्रकरण आहे आणि ते टाळून चालणार नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि व्यवसायांवर हल्ले झाले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. ज्या परिसरातल्या माणसांना या कारखान्याने रोजगार दिला, त्याच परिसरात हे घडावे याचे वाईट वाटते. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते. निवडुंग तोडून उभे केलेले काम राख होताना पाहणे त्या वयात किती जड गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पण इमारती जळाल्या तरी माणसांच्या हातातले कसब जळाले नव्हते. यंत्र पुन्हा जोडता येणारी माणसे वाडीत होती, आणि कारखाना पुन्हा उभा राहिला. कारखान्याची खरी मालमत्ता कोणती, हे इतक्या कठोरपणे सिद्ध होण्याची वेळ कोणावर येऊ नये. लक्ष्मणरावांनी आयुष्यभर ज्यात भांडवल गुंतवले ते हेच होते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या नावाच्या आद्याक्षरांवरून पडलेले लकाकि हे नाव पुण्याच्या मॉडेल कॉलनीतल्या रस्त्याला आजही आहे. तिथून जाणाऱ्या किती जणांना त्याचा अर्थ माहीत असतो कोण जाणे!

आजच्यासाठी काय?

स्वतंत्र भारतात १९५० पासून कारागिरांच्या प्रशिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली आणि आयटीआय निघाली. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. २०१५ साली स्किल इंडिया मोहीम जाहीर झाली. योजना पुष्कळ झाल्या. तरी प्रमाणपत्र हातात असूनही काम येत नाही अशी मालकाची तक्रार, आणि काम येत असूनही प्रमाणपत्र नाही म्हणून नोकरी नाही अशी तरुणाची तक्रार, या दोन्ही आपण गावी गेलो की ऐकतो.

लक्ष्मणरावांच्या आयुष्यातून यावर दोनतीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, शिक्षण आणि काम एकाच छपराखाली असले की शिकलेले वाया जात नाही. त्यांच्याकडे शिकणाऱ्याला नोकरी कुठे मिळेल हा प्रश्नच पडत नसे, कारण तो नोकरीतच शिकत होता. दुसरी, कौशल्य देऊन भागत नाही, त्या कौशल्यातून निघालेल्या मालाला गिऱ्हाईकही तयार करावे लागते. नांगर शेतावर नेऊन चालवून दाखवला नसता तर मोल्डर कितीही तयार झाले असते तरी घरीच बसले असते. आणि तिसरी, कोणाला शिकवायचे हे जात, मार्कलिस्ट किंवा पूर्वेतिहास पाहून ठरवले तर निम्मी माणसे दारातच अडतात.

अर्थात, त्यांची गोष्ट जशीच्या तशी आज गिरवता येईल असे नाही. त्यांना पाठीशी उभा राहणारा राजा भेटला, आयुष्यभर साथ देणारा भाऊ भेटला. पण आपल्यापैकी अनेक जण आज रामूअण्णांच्या किंवा बाळासाहेबांच्या जागी आहेत, हे विसरू नये. आपल्या गावच्या आयटीआयला एखादे चांगले यंत्र देणे, सुट्टीत गेल्यावर तिथल्या मुलांसमोर दोन दिवस आपले काम करून दाखवणे, ओळखीच्या कारखान्यात चार मुलांना उमेदवारी मिळवून देणे, हे आपल्याला नक्कीच जमण्यासारखे आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत यावर ज्यांना बोलायचे असेल त्यांनी जरूर यावे.

आणि पुढच्या भारतभेटीत पुणे-मिरज मार्गाने जाणे झाले तर किर्लोस्करवाडी स्टेशनवर खिडकीतून बाहेर पाहा. मुलांना सांगा की इथे एकेकाळी नुसते निवडुंग होते.